आ कर!

गेले तीन शनिवार काहीच लिहिलं नाही. दोघातिघांनी विचारलंही, बाबा रे आहेस कुठे? ऑफिसच्या रिलीजवर ढकलून मोकळा झालो असतो, पण ते खरं नाही. खरं कारण म्हणजे माझ्या भाच्याच्या जिभेच्या कडेला आलेला एक पांढरा डाग. केवढा? ज्वारीच्या दाण्याएवढा.

अठरा वर्षांचा मुलगा. तंबाखू नाही, सुपारी नाही, बिडी-सिगरेट नाही. चहासुद्धा अर्धा कप. अशा पोराच्या जिभेवर डाग आला तर कुणीही म्हणेल, तोंड आलं असेल, दोन दिवसांत जाईल. शहरातल्या एका दवाखान्यात तेच सांगून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या. त्या डॉक्टरांना फार दोष द्यावा असंही वाटत नाही. फॉर्मवर 'पूर्वीचे आजार' अशी ओळ होती आणि आमच्या चिरंजीवांनी तिथे लिहिलं होतं 'नाही'. का रे, म्हटलं. तर म्हणाला, "मामा, दर वेळी कोण सांगत बसणार?"

तर जे त्याने सांगितलं नाही, ते मी सांगतो.

आमचं गाव देऊळघाट. बुलढाण्याजवळ, पैनगंगेच्या काठी. पुढे विदर्भ आणि मराठवाड्याची हद्द आखत जाणारी ही नदी आमच्याकडे अजून लहान असते, कारण उगम जवळच, अजिंठ्याच्या डोंगरात. माझ्या आत्याला चिखलीला दिलेलं. आणि ताईला दिलं आत्याच्याच मुलाला. आपल्याकडे यात काही विशेष नाही, मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क वगैरे बोलतातच. घरातली पोरगी घरात राहिली म्हणून सगळे खूश होते.

भाचा झाला तेव्हा एक अंगठा जरा वाकडा होता. उंची वाढेना. अंगावर कॉफी सांडल्यासारखे फिकट डाग. सात वर्षांचा असताना नाकातून रक्त यायला लागलं ते थांबेना. प्लेटलेट्स तपासल्या, कमी. पांढऱ्या पेशी कमी. बुलढाण्याहून मुंबई. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय रक्तविकारविज्ञान संस्था आहे, आयसीएमआरची. असल्या तपासण्या तिथे होतात. रक्तातल्या पेशी वाढवून त्यांच्यावर मायटोमायसिन नावाचं औषध टाकतात आणि गुणसूत्रं किती मोडतात ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. भाच्याची मोडली, फार मोडली. निदान झालं: फॅन्कोनी ॲनिमिया.

ग्वीडो फॅन्कोनी नावाच्या स्विस बालरोगतज्ज्ञाने 1927 मध्ये तीन भावांमध्ये हा आजार पहिल्यांदा नोंदवला. नावात ॲनिमिया आहे म्हणून लोकांना वाटतं रक्त कमी, बीट खा, गूळ-शेंगदाणे खा. खरा आजार डीएनएच्या दुरुस्तीचा आहे. माझ्या डोक्यात बसलेलं उदाहरण सांगतो. डीएनए म्हणजे पँटची चेन समजा. दोन्ही बाजू उघडल्याशिवाय पेशीला नक्कल काढता येत नाही. कधी कधी या दोन बाजू एकमेकींना चिकटतात, मध्ये फेविकॉल पडल्यासारख्या. तुमच्या-माझ्या पेशींत तो फेविकॉल कापून, उसवून, पुन्हा शिवून देणारी एक टोळी असते. त्या टोळीत वीसहून जास्त जनुकं आहेत. त्यांतलं एक जरी दोन्हीकडून, म्हणजे आईकडून आणि बापाकडून, बिघडलेलं आलं की टोळीचं काम बंद. एकाकडूनच आलं तर सहसा काही होत नाही (अपवाद आहेत, पण आमच्या घरातलं जनुक त्यांतलं नाही). ताई आणि भाऊजी दोघेही असे एकेक बिघडलेली प्रत घेऊन फिरणारे. दर मुलामागे चारात एक शक्यता. माझ्या अंगातही ती प्रत असेल-नसेल.

हे कळल्यावर ताई बरेच दिवस बोललीच नाही. मग एकदा म्हणाली, "आपल्या घरातलंच आपल्याले नडलं." यावर उत्तर काय देणार? कुणाचीच चूक नव्हती, पण हे सांगून तिला बरं वाटत नव्हतं.

नऊ वर्षांचा असताना बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं. धाकट्या बहिणीचा मॅरो जुळला, तिला आजार नव्हता. म्हणजे गेली नऊ वर्षं त्याच्या अंगात बहिणीचं रक्त आहे. रक्षाबंधनाला तो तिला म्हणतो, आता तूच मला काहीतरी दे, नाहीतर मी तुला काय देणार, रक्त तर तुझंच... असो.

सगळ्यांना वाटलं संपलं. देऊळघाटला घरी जेवण घातलं, गाव जेवलं. पण मुंबईच्या डॉक्टरांनी डिस्चार्जच्या दिवशीच सांगितलं होतं: रक्त बदललं, तोंड बदललेलं नाही. जीभ, हिरड्या, गाल, घसा, या पेशी त्याच्याच आहेत आणि त्यांच्यात दुरुस्ती करणारी टोळी अजूनही नाही. फॅन्कोनीच्या रुग्णांना तोंड-घशाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या कित्येक शेकडो पट असतो आणि तो विशी-तिशीत येतो. ट्रान्सप्लांटनंतर हा धोका आणखी वाढतो. वर उपचारांची पंचाईत. सिसप्लॅटिनसारखं औषध कर्करोगाच्या पेशीत तोच फेविकॉल टाकून काम करतं, म्हणजे निदानाच्या तपासणीत जे बशीत केलं तेच अख्ख्या शरीरात. रेडिएशनही झेपत नाही. उरतं ऑपरेशन. आणि ऑपरेशन तेव्हाच पुरतं जेव्हा डाग ज्वारीएवढा असतो, लिंबाएवढा झाल्यावर नाही.

म्हणून साधारण दहाव्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी तोंड तपासायचं. दारू असलेला माउथवॉशसुद्धा वापरायचा नाही. घरात कुणी बिडी ओढायची नाही. भाऊजींनी त्या दिवशी सोडली ती सोडलीच. ताई आणि भाचा मलकापूरला जाऊन रात्रीची गाडी धरतात, सकाळी मुंबई, दहा मिनिटांची तपासणी, परत रात्रीची गाडी. राजूर घाट किती वेळा उतरले-चढले याचा हिशेब ताईने सोडून दिलाय.

आता इथे मी येतो. सॉफ्टवेअरवाला मामा. मला वाटलं, हे काय चाललंय? दहा मिनिटं तोंडात बघण्यासाठी दोन रात्रीचे प्रवास? लाळ दिवसाला अर्धा ते दीड लिटर सुटते माणसाच्या तोंडात, ती सगळ्या तोंडभर फिरते, प्रत्येक कोपऱ्यातल्या सुटलेल्या पेशी, प्रथिनं, डीएनए-आरएनएचे तुकडे घेऊन येते. तिला विचारा ना! नळीत थुंकायचं, कुरियर करायचं. झालं.

आणि हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नव्हतं. 2004 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड वाँग यांच्या गटाने लाळेतले आरएनए मोजून तोंडाचा कर्करोग ओळखता येतो असं दाखवलं. आयएल-8 वगैरे मोजके रेणू, आणि नेम शंभरात एक्क्याण्णव. मी रात्री दोन वाजता ताईला मेसेज टाकला: थुंकीत कळतं! सकाळी तिचा फोन. "मग कुठं द्यायची थुंकी?"

तिला सांगायला म्हणून नीट वाचायला बसलो आणि माझाच फुगा हळूहळू उतरला.

वाँग यांच्या अभ्यासात 32 रुग्ण होते आणि 32 निरोगी माणसं. म्हणजे निम्म्यांना कर्करोग होताच. खऱ्या आयुष्यात अशी निम्मी-निम्मी वाटणी कुठे असते? आकडेमोड करून बघा. समजा एक चाचणी आहे, दहातले नऊ रुग्ण बरोबर पकडते आणि दहातल्या नऊ निरोगी माणसांना बरोबर सोडते. भारी वाटते ना? आता ती देऊळघाटातल्या, समजा, 10,000 मोठ्या माणसांना लावा. समजा त्यांतल्या 10 जणांना सुरुवातीचा कर्करोग आहे. नऊ सापडतील, एक सुटेल. पण उरलेल्या 9,990 निरोगी लोकांपैकी 999 जणांनाही चाचणी 'आहे' म्हणून सांगेल. म्हणजे 1,008 लोक घाबरून मलकापूरच्या गाडीत बसणार, आणि त्यांतल्या 999 जणांना काहीच नसणार.

आता तीच चाचणी फॅन्कोनीच्या 100 तरुणांना लावा, आणि समजा त्यांतल्या 10 जणांच्या तोंडात काहीतरी शिजतंय. नऊ सापडतील, नऊ उगाच घाबरतील. अठरातले नऊ खरे! चाचणी तीच, नळी तीच, यंत्र तेच. फक्त विचारलं कुणाला, एवढाच फरक. म्हणून संशोधकांचा डोळा अशा आनुवंशिक आजारांवर असतो. फॅन्कोनी, किंवा डिस्केराटोसिस कंजेनिटा, ज्यात गुणसूत्रांची टोकं लवकर झिजतात आणि जिभेवर पांढरे चट्टे येतात. लाळेची चाचणी जिथे सगळ्यात आधी उपयोगी पडू शकेल अशी ही जागा आहे.

पण नेमकी याच जागी ती सगळ्यात अवघडही आहे. हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी थक्क झालो. एक म्हणजे आयएल-8 सारखे रेणू सूज आली की वाढतात. हिरड्या सुजल्या तरी वाढतात. ट्रान्सप्लांटनंतर काहींच्या तोंडात नवं रक्त जुन्या कातडीशी भांडत राहतं, त्यानेही वाढतात, आणि त्याचेही पांढरे चट्टेच दिसतात. दुसरं म्हणजे लाळेत फक्त तोंडाच्या पेशी नसतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही असतात, आणि बऱ्याच असतात. भाच्याच्या लाळेतल्या त्या पेशी कुणाच्या? बहिणीच्या! म्हणजे नळीत थुंकणार हा एकटा, पण आतला डीएनए भावाबहिणीचा मिसळलेला. बिघाड शोधायचा भावाच्या पेशीत आणि यंत्र वाचत बसणार बहिणीची निरोगी प्रत. लॉग दोन सर्व्हरचे आहेत, एकाच फाइलमध्ये, आणि कुठली ओळ कुणाची ते लिहिलेलं नाही. असला बग मी नोकरीत कितीदा बघितलाय, पण माझ्या भाच्याच्या तोंडात असेल असं कधी वाटलं नव्हतं.

"मग त्याचा उपयोग नाही?" मी विचारलं.

"होईल," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या भाच्याचा डाग आज आहे."

त्यांनी काय केलं? चांगला उजेड पाडला. जीभ कापडात धरून डावीकडे-उजवीकडे ओढून बघितली, बोटाने चाचपली. मग एक छोटा ब्रश त्या डागावर घासला, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू म्हणा, आणि त्या पेशी काचेवर पसरवून तपासायला दिल्या. जर्मनीतल्या एका गटाने बारा वर्षं, फॅन्कोनीच्या 700 हून जास्त लोकांची तोंडं तपासून, डाग दिसला की असा ब्रश मारून, ही साधी पद्धत किती पक्की आहे ते 2020 मध्ये छापलं. जवळपास सगळे धोक्याचे डाग त्यात सापडले होते. लाळ सगळ्या तोंडाची सरासरी सांगते. ब्रश ज्याच्यावर संशय आहे त्यालाच विचारतो. पण ब्रशला डाग आधी दिसावा लागतो, आणि दिसण्यासाठी कुणीतरी तोंडात बघावं लागतं.

ब्रशमध्ये संशय आला. मग छोटा तुकडा काढला. ते पंधरा दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. रिपोर्ट आला: पेशींत बदल आहेत, सौम्य. कर्करोग नाही. डाग पूर्ण काढून टाकला, दोन टाके. आता सहाऐवजी तीन महिन्यांनी यायचं. आठवडाभर तो पेज प्यायला आणि चिडचिड करत राहिला. बी-कॉम्प्लेक्सच्या भरवशावर आणखी सहा महिने गेले असते तर काय झालं असतं, हे मी ताईला विचारलं नाही, तिने मला विचारलं नाही.

या सगळ्या वाचनात एक गोष्ट हाती लागली ती मात्र सांगितलीच पाहिजे. फॅन्कोनीच्या पेशींना सगळ्यात जास्त त्रास होतो तो अल्डिहाइडचा, शरीरात आपोआप तयार होणाऱ्या आणि बाहेरून येणाऱ्या. के. जे. पटेल यांच्या केंब्रिजमधल्या गटाने 2011 मध्ये हे उंदरांत दाखवलं. आणि तंबाखूत, धुरात, दारूत काय असतं? तेच. 2022 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात फॅन्कोनीच्या रुग्णांच्या गाठी तपासल्या तेव्हा गुणसूत्रांची जी मोडतोड दिसली, तशाच धाटणीची मोडतोड सिगरेट-दारूशी जोडल्या जाणाऱ्या गाठींतही दिसते. म्हणजे भाचा जे नुकसान जन्मतः घेऊन आलाय, तेच आपले लोक पैसे मोजून, पुडी फाडून, रोज थोडं थोडं विकत घेतात. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटखाबंदी झाली, तरी ज्याला हवी त्याला पुडी मिळतेच.

मागच्या रविवारी सगळे देऊळघाटला जमलो. जेवणं झाली. ताईने मोबाइलचा टॉर्च लावला आणि भाच्याला म्हणाली, "आ कर." दर रविवारी हा कार्यक्रम असतो आता. ओठ आतून, दोन्ही गाल, जीभ वर, जीभ डावीकडे, उजवीकडे, टाळू. दोन मिनिटं. झाल्यावर त्याने टॉर्च स्वतःच्या हातात घेतला आणि माझ्या वडिलांकडे वळला.

"नाना, आता तुम्ही."

नाना तंबाखू मळत होते. "मले काय झालं? चाळीस वर्षं झाली खाऊ राह्यलो."

"म्हणूनच."

मी नानांना सांगितलं की टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत 1,01,761 लोकांची तोंडं अशीच तपासली होती, 1972 मध्ये तो अभ्यास छापून आला. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन तोंडं बघितली, आणि तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. 2005 मध्ये आलं ते. नुसत्या बघण्याने! नाना म्हणाले, "मंग तिकडचे लोक हुशार असतीन." पण नातवापुढे कुणाचं चालतं? उघडलं तोंड. गालाच्या आत, जिथे तंबाखू ठेवतात तिथे, एक खरबरीत पांढरट पट्टा. पोरगा काही बोलला नाही. फोटो काढला आणि टॉर्च बंद केला.

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा?"

मी म्हटलं मी कुठे तंबाखू खातो? नुसती सुपारी. जेवणानंतर, मीटिंगमध्ये, कोड कंपाइल होईपर्यंत. तर म्हणाला, "तीन बोटं घाला तोंडात. उभी." हे त्याला दवाखान्यात शिकवलंय. सुपारीने गालाच्या आतली कातडी दोरखंडासारखी कडक होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 मध्ये दिलं. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी बसतात.

माझी दोन बसली. तिसरं अर्धंच.

ताई बघत होती. ती काही म्हणाली नाही, भांडी घेऊन आत गेली. भाचा म्हणाला, "थुंकी नका पाठवू कुठं. आधी दाखवून या."

मंगळवारी साडेअकराची वेळ मिळाली आहे, नानांना घेऊन पुण्याला येतोय, दोघांची एकदमच. फॉर्मवर 'सवयी' अशी ओळ असते. तिथे या वेळी खरं लिहीन.